परसातली तेरावी विहीर

ठिपका आप्पांच्या परसात पडला तेव्हा सुनेत्राला काहीच वाटलं नाही. छातीत धस्स झालं नाही, डोळ्यांपुढं अंधारी आली नाही, असल्या वेळी माणसांना जे जे म्हणून होतं त्यातलं काहीएक झालं नाही. तिनं दोन बोटांनी पडद्यावरचा नकाशा मोठा केला. लाल ठिपका, त्याच्याभोवती सहा फुटांचं वर्तुळ, वर्तुळात लिंबाचं झाड आणि जुन्या पत्र्याच्या शेडचा एक कोपरा. मग तिनं थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला, एक रियाजला दिला आणि एक आपण प्याली.

रियाज शिकलगार म्हणजे भूजल खात्यातला तिच्या हाताखालचा भूवैज्ञानिक. तिशीचा, बडबड्या, गाडीत बसला की कोल्हापूरपासून बोरगुंडीपर्यंत तोंडाला खळ नसायची. त्या सकाळी तोही जपून बोलला.

"मॅडम, हे तुमचं माहेर न्हवं?"

"हो."

"मशीन चुकलं असंल."

"आजवर कधी चुकलंय?"

चहा निवून गेला तरी कप रियाजच्या हातातच होता.

आता हे मशीन काय, ते सांगायला हवं. निरीक्षण विहीर म्हटलं की लोक काठ आणि रहाट शोधायला लागतात. तसलं काही नसतं. चार इंची पाइप जमिनीत उभा सोडलेला, तळाशी चाळणीसारख्या बारीक फटी, वर कुलूपबंद झाकण. त्यातलं पाणी कुणी प्यायचं नसतं. वैद्य मनगट धरतो ते काही त्याला मनगट हवं असतं म्हणून नव्हे, तसंच हे. अशा बारा विहिरी बोरगुंडीच्या चांदी गल्लीत आणि गल्लीभोवती पाडल्या होत्या. जमिनीत कोणतं विष आहे आणि किती आहे, हे असल्या विहिरी पूर्वीही सांगायच्या. पण ते कुणी सोडलं आणि कधी सोडलं, हे विचारलं की विहिरी मुक्या आणि वकील बोलके, असा सगळा मामला होता.

ते बदललं गेल्या तीन वर्षांत. कार्बनचे अणू दोन वजनांचे असतात, एक हलका आणि एक किंचित जड. मातीतले जिवाणू विष खातात, पण तेही आपल्यासारखेच, सोपा घास आधी. हलक्या कार्बनचे रेणू ते अगोदर फस्त करतात आणि जड मागे ठेवतात. म्हणजे उरलेलं विष जितकं जड, तितकं ते जमिनीत जुनं. शिवाय प्रत्येक ठिकाणच्या मालात हे हलक्या-जडाचं प्रमाण मुळातच थोडं वेगळं असतं, त्यामुळं माल कुठला तेही कळतं. पूर्वी एवढं मोजायला नमुना परदेशी जायचा आणि उत्तर सहा महिन्यांनी यायचं. आता हातभर लांबीची एक दांडी विहिरीत सोडली की काम झालं. बारा विहिरींत बारा दांड्या एकदम सोडायच्या. मग संगणक पाण्याला उलटं चालवतो. आज इथं आहे तर काल कुठं होतं, दहा वर्षांपूर्वी कुठं, आणि पहिल्या दिवशी कुठं. खात्याच्या कागदावर या यंत्राचं नाव फूटभर लांब होतं. माणसं त्याला मागकाढ्या म्हणत.

मागकाढ्यानं त्या दिवशी लिहिलं होतं: ट्रायक्लोरोइथिलीन. जमिनीत शिरल्याचा काळ, २००५ ते २०२७. उगम, भूपाल तातोबा मगदूम यांचं परस, खात्री चौऱ्याण्णव टक्के. दुसरा संभाव्य उगम, फाट्यावरची बंद पडलेली रंग कंपनी, चार टक्के.

"आपलं काम पुढचं," सुनेत्रा म्हणाली. "बहात्तर तासांच्या आत ठिपक्यावर नवीन विहीर पाडायची आणि हातानं भरलेला नमुना पाठवायचा. घरमालकाच्या समोर."

"नियमानं तुम्ही न्हाई घ्यायचा, मॅडम. घरचं प्रकरण हाय."

"नियमानं मी आत्ता साहेबांना फोन करायला पाहिजे."

तिनं फोन केला नाही. रियाजनं गाडीच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली आणि बाहेर बघत बोलला, "नमुना रिकामा आला तर मशीन पहिला ठिपका सोडतंय. दुसरा धरतंय. मी आपला नियम सांगितला."

नियम तिलाही पाठ होता. आणि त्याच्या पुढचाही पाठ होता. जिथं उगम ठरेल तिथंच विष उपसणारी विहीर बसते. उगम कंपनीत ठरला तर उपसा कंपनीत होणार, आणि खरं विष इथून उतार धरून खाली सरकत राहणार. खाली नवी वसाहत होती, अंगणवाडी होती, दोन्हीकडं बोअरचंच पाणी. मागकाढ्याच्या हिशोबानं दीड वर्षात ते तिथं पोचणार होतं.

आणि गंमत बघा, हा मागकाढ्या बोरगुंडीत आणला तो आप्पांनीच.

सुनेत्राची मुलगी चार्वी, घरातली चिऊ, जन्माला आली ती हृदयात दोष घेऊन. दोन ऑपरेशनं झाली. चार वर्षं जगली आणि २०३७च्या मार्चमध्ये गेली. त्याच्या पुढच्या वर्षी सरकारी तपासणीत गल्लीच्या पाण्यात हे विष सापडलं. आप्पांनी तो कागद डॉक्टरांपुढं नेऊन ठेवला. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, पोटातल्या बाळाच्या हृदयाला यानं अपाय होऊ शकतो. तुमच्या नातीचं यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, आणि नाही असंही सांगता येत नाही. आप्पांना तेवढं पुरलं. चिऊ पोटात असताना सुनेत्राला उलट्यांनी हैराण केलं होतं. सासरी सांगलीत नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा आणि घोट घशाखाली उतरायचा नाही. तिनं फोन केला, आप्पा, घरचं पाणी पाठवा. आप्पांनी पाठवलं. दर सोमवारी आणि शुक्रवारी एसटीच्या कंडक्टरकडं दोन कॅन, वर ओलं फडकं बांधलेले. पूर्ण नऊ महिने.

त्या पाण्यात फाट्यावरच्या कंपनीनंच विष कालवलं, असं धरून आप्पा पेटले. चांदीच्या पैंजणांचा कारागीर माणूस, आयुष्यात कधी कचेरीची पायरी चढला नव्हता. सत्तरी ओलांडल्यावर पाणी समितीचा अध्यक्ष झाला, तालुक्याला आणि जिल्ह्याला खेटे घालून घालून त्यानं चपला झिजवल्या. मागकाढ्या आमच्या गावात आणा, म्हणून तीन वर्षं भांडला. ग्रामसभेत उभं राहून म्हणाला होता, "माझ्या नातीला कुणी मारलं, मला नावानिशी पायजे. त्याच्या तोंडावर बोट ठेवून सांगणार हाय मी." तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. सुनेत्रा मागच्या रांगेत बसली होती. तिला तेव्हाही काही वाटलं नव्हतं.

चिऊ गेल्यापासून हे असंच होतं. ती नोकरीवर जायची, नवरा अजित भला माणूस, त्याचा डबा भरायची, सणाला पुरणपोळ्या करायची. लोक म्हणायचे, धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा! आतलं सगळं बधिर झालं होतं, एवढंच. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, ते इंजेक्शन तिच्या बाबतीत उतरलंच नव्हतं.

दुपारी ती घरी गेली. आप्पा ओसरीवर चष्मा लावून समितीची फाईल चाळत बसले होते. अठ्ठ्याहत्तर वय, पण पाठ ताठ. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. शेजारच्या शेवंताकाकी दोन वेळची भाकरी द्यायच्या.

"आलीस व्हय? बस. नाव आलं का?"

"अजून नाही. एक विहीर वाढवायची आहे, आप्पा. आपल्या परसात."

"परसात? म्हंजे त्या कंपनीचं घाणेरडं पाणी माझ्या परसापतूर आलंय म्हण की!"

"बघायचं."

शेवंताकाकी भाकरीची पाटी घेऊन आल्या आणि सुनेत्राला बघून तिथंच टेकल्या. त्यांचे मालक नेमगोंडाकाका एके काळी गल्लीतले सगळ्यात नाजूक जोडकाम करणारे. केसाएवढ्या कडीला डाग द्यायचे आणि डाग दिसायचा नाही. आता हात असे थरथरत की कप धरता येत नव्हता. काकीच चमच्यानं चहा पाजायच्या.

"सुने, तुझं मशीन नाव सांगंल तवा त्या मालकाला हितं आणा बघ," काकी म्हणाल्या. "मला त्याला मारायचं न्हाई, काय न्हाई. ह्यांच्या हातात कप देते आणि म्हणते, बघ बाबा. एवढंच."

"आणणार तर!" आप्पा म्हणाले. "सोडतोय व्हय मी?"

काकी गेल्यावर सुनेत्रानं भाकरी खाल्ली. मग साधंच काही विचारावं तसं विचारलं, "आप्पा, मागचा खड्डा कधी बुजवला?"

"कुठला? गाळाचा? अठ्ठावीस साली. शेड बंद केली तवा. का गं?"

"विहिरीला जागा बघायची आहे."

आणि मग आप्पा सांगत सुटले. खड्ड्याचं नाव काढलं की ते नेहमीच खुलायचे. चांदीच्या धंद्यात कचरा नावाची वस्तूच नसते. कामाला बसलेला माणूस उठताना कपडे झटकतो ते ताटात. शेडचा केर गावाबाहेर जात नाही. पाडव्याला त्या धुळीला हळदकुंकू वाहतात, कारण धुळीत चांदी असते. पैंजण पॉलिश केले की त्यांना मेण चिकटतं. ते काढायला एका पातळ औषधात बुडवायचे, औषध उडून जातं आणि पैंजण लख्ख. कोल्हापूरहून पिंपं यायची. त्याचं नाव ट्रायक्लोरोइथिलीन हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. सगळे त्याला धुवायचं औषध म्हणत. पिंपाच्या तळाला काळा राडा उरायचा, त्यातही चांदीची पूड. बाकीचे लोक तो राडा गटारात सोडून द्यायचे.

"आणि मी?" आप्पांनी छातीवर हात ठेवला. "एक थेंब बाहेर जाऊ दिला न्हाई. परसात सहा फुटाचा खड्डा मारला, समदं त्यात वतायचं. पातळ जिरून जातंय, चांदी वर ऱ्हाते. दोन-तीन वर्सांनी झारेकरी यायचा, माती उकरून न्यायचा, धुऊन चांदी काढायचा. बावीस वर्सं. गटारात घाण सोडली न्हाई, लक्ष्मी लाथाडली न्हाई. तुझं शिक्षण त्या मातीवर झालंय, सुने."

सुनेत्रा मान डोलवत होती. पातळ जिरून जातंय. ते जिरून कुठं जातं हे तिनं बारा वर्षं शिकून आणि शिकवून पाठ केलं होतं. हे औषध पाण्यापेक्षा जड. ते पाण्यावर तरंगत नाही, पाण्यातून खाली बुडतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून मुरमात, मुरमातून काळ्या पाषाणाच्या चिरांत, आणि तिथं ते बसून राहतं. पन्नास-पन्नास वर्षं बसतं आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाण्यात चिमूटचिमूट विरघळत राहतं. गटारात सोडणाऱ्यांचं औषध निम्मं उन्हानं उडून गेलं असेल. आप्पांनी जपून ठेवलं.

"आणि बोअर खोल कधी केली?"

"एकतीसच्या दुष्काळात न्हवं का. दीडशेची अडीचशे फूट केली. समद्या गल्लीच्या बोअरी आटल्या, आपली तेवढी टिकली. गल्ली आपल्या दारात! आणि काय गोड पाणी लागलं हुतं गं. पहिल्यापेक्षा गोड. शेवंता म्हणायची, भूपालदादा, साखर घातलीया काय?"

हे औषध चवीला किंचित गोडसर असतं. सुनेत्रानं ताटात हात धुतला. एकतीस साली बोअर त्या चिरेपर्यंत पोचली. बत्तीस साली तिनं फोन करून पाणी मागितलं. दोन अधिक दोन इतका सोपा हिशोब होता, आणि तो मांडताना तिला शाळेतली बेरीज केल्यासारखं वाटलं. जास्त काही नाही. फक्त एक गोष्ट तिनं तिथंच ठरवली, की आप्पांना हे कळू द्यायचं नाही. नातीचा मारेकरी नावानिशी मागणाऱ्या माणसाला त्याचंच नाव कसं द्यायचं? असं झालं तर आप्पा जगणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अंगणवाडीचं काय, ते तिच्या डोक्यात येत होतं आणि ती ते बाजूला ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राची गाडी परसात आली. लिंबाखाली पाइप उभा राहिला. खोदकामाबरोबर मातीच्या कांड्या वर येतात, हातभर लांबीच्या, आणि त्या लाकडी पेटीत ओळीनं मांडून ठेवायच्या असतात, कोणत्या फुटावरची कोणती, तसं. आप्पा खुर्ची टाकून बसले होते. बाराच्या बारा विहिरींवर ते असेच हजर होते. कंपनीवाले कुणाला फितवतील याचा नेम नाही, म्हणून एकेक हालचाल डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि समजलं नाही की विचारायचे. सुनेत्रानंच त्यांना सगळं समजावलं होतं.

पहिली कांडी भरावाची. दुसरी काळी, चिकट. मग रियाजनं अकरा फुटांवरची कांडी पेटीत ठेवली आणि आप्पा उठले. खाली वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि चिमूटभर माती उचलून अंगठ्यानं तळहातावर पसरली. एकदा ऊन दाखवलं. मग नाकाशी नेली.

"आप्पा, हात लावू नका त्याला."

आप्पांनी मूठ मिटली आणि परत खुर्चीत जाऊन बसले. पुढं तासभर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सुनेत्राला वाटलं, दमले असतील.

विहीर तयार झाली. पाइपात साचलेलं पाणी शिळं असतं, ते आधी उपसून टाकायचं, तिप्पट उपसायचं, मग जमिनीतून ताजं आलेलं पाणी बाटलीत धरायचं. बाटली करंगळीपेक्षा थोडी जाड, काचेची. ती काठोकाठ भरायची, पाणी वर फुगून यायला हवं, आणि मग झाकण लावायचं. आत हवा राहता कामा नये. हे औषध उडून जाणारं, त्याला एक बुडबुडा मिळाला तरी ते पाण्यातून निघून बुडबुड्यात जाऊन बसतं, आणि प्रयोगशाळेत झाकण उघडलं की पसार. मोठा बुडबुडा आणि दोन दिवसांचं ऊन, एवढ्यावर घाणेरडं पाणी कागदोपत्री निर्मळ करता येतं. नव्या माणसाला खात्यात पहिल्या दिवशी हीच गोष्ट शिकवतात.

सुनेत्रानं बाटली भरली. काठापासून बोटभर खाली असतानाच तिनं झाकण फिरवलं. तिचा हात स्थिर होता. रियाजनं त्याच वेळी मुद्दाम गाडीकडं तोंड केलं. तिनं बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि पेटीत ठेवायला वाकली.

"दाखव बघू," आप्पा म्हणाले.

"झालं, आप्पा. सही करा तुम्ही."

"दाखव म्हणतोय न्हवं."

त्यांनी बाटली घेतली, उलटी केली आणि नखानं टिचकी मारली. तिनंच शिकवलं होतं ते. आत हरभऱ्याएवढा बुडबुडा वर चढला.

"बुडबुडा हाय."

"एवढा चालतो."

"बारा विहिरींवर चालला न्हाई. तेराव्या विहिरीला कसा चालतोय?"

आप्पांनी दुसरा हात पुढं करून मूठ उघडली. तळहातावर माती वाळली होती आणि मातीत बारीक बारीक काहीतरी चमकत होतं.

"पन्नास वर्सं चांदी हाताळली मी. माझी चांदी मला वळखू येणार न्हाई असं वाटलं तुला? अकरा फुटावर गावली ही. खड्डा माझा सहा फुटाचा. चांदी जिरत न्हाई, तरी पाच फूट उतरली. मग वतलेलं औषध कुठवर गेलं असंल?"

"आप्पा, अजून नक्की नाही—"

"वास बी त्योच हाय. बावीस वर्सं घेतलाय." त्यांचा आवाज चढला नाही. "तुला कवापास्नं ठावं हाय?"

"काल सकाळपासून."

"आणि तू झाकणार हुतीस."

"तुमच्यासाठी, आप्पा."

"माझ्यासाठी त्या कंपनीवाल्याला फाशी देणार? आणि खालच्या पोरांनी काय करायचं? तिकडंच उतार हाय न्हवं पाण्याला? तूच सांगितलंस मला." त्यांनी बाटलीचं झाकण काढलं, पाणी लिंबाच्या बुडाशी न ओतता बादलीत ओतलं आणि बाटली तिच्यापुढं धरली. "नवी बाटली घे. भर पुन्हा. नीट भर."

तिनं नवी बाटली घेतली आणि नीट भरली. उलटी करून त्यांना दाखवली. आत काही नव्हतं. आप्पांनी सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेवंताकाकींनी हाक मारली. "काय भूपालदादा, लागला का पत्ता?"

"लागला," आप्पा म्हणाले. "माझ्या खड्ड्यातनं गेलंय समदं, शेवंता. कंपनीचं न्हाई. माझंच हाय."

"काय तरीच काय चेष्टा करायलाय सकाळच्या पारी!" काकी हसल्या. मग त्यांनी सुनेत्राकडं पाहिलं. सुनेत्रानं होकाराची मान हलवली. काकींचं हसू तोंडावर तसंच थोडा वेळ राहिलं, मग गेलं. त्यांनी कुंपणावर वाळत घातलेला टॉवेल काढला, घडी केली आणि आत गेल्या. दाराला आतून कडी लागल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

आप्पा मटकन खुर्चीत बसले. रडले नाहीत, पण तोंड उघडं राहिलं होतं आणि श्वास मोठ्यानं येत होता. रियाजनं पाणी आणलं, गाडीतलं, सीलबंद. ते त्यांनी हातात धरलं आणि प्याले नाहीत.

"अजून काय काय लिवायचं असतंय? समदं आजच लिव."

एक यादी भरायची असते. उगमाजवळच्या बोअरचं पाणी कोण कोण प्यालं, त्यांची नावं. सरकार मग त्या माणसांची तपासणी करतं, रक्त, मूत्रपिंडं, मेंदू, सगळं. सुनेत्रानं टॅबलेट मांडीवर घेतला.

"नेमगोंडाचं नाव पहिलं घाल. मग शेवंता. मग त्यांची सून." आप्पा घराघराप्रमाणं सांगत गेले, दुष्काळात कोण घागर घेऊन यायचं ते आठवून आठवून. एकोणतीस नावं झाली. तिसावं त्यांनी आपलं सांगितलं. मग थांबले. "चिऊ."

"आप्पा, यादी तपासणीसाठी असते. हयात माणसांची."

"घाल म्हणतोय ना."

तिनं घातलं. चार्वी अजित खोत. पाणी प्यायला लागली तेव्हाचं वय, असा रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. तिनं शून्य टाकलं. हयात की मयत, त्यातल्या मयतवर बोट ठेवलं. यंत्रानं ते निमूट घेतलं आणि पुढची ओळ उघडून दिली. तिनं यादी बंद करायला बोट नेलं.

"तुझं ऱ्हायलं," आप्पा म्हणाले.

"माझं कशाला? मी इथं राहत नव्हते."

"मग कॅन कोण पीत हुतं? ती पोटात हुती. पाणी तुझ्या तोंडातनं गेलं न्हवं? नऊ महिने?" ते तिच्याकडं टक लावून बघत होते. "तपासून घेतलंस काय कधी?"

"नाही."

"इतकी वर्सं? तू ह्या खात्यात असून?"

"नाही."

"का न्हाई?"

तिनं खरंच आठवून पाहिलं. जिल्ह्यातल्या निम्म्या गावांची माती तिनं तपासली होती, शेकडो माणसांना रक्त द्यायला पाठवलं होतं, उशीर करू नका म्हणून दटावलं होतं. स्वतःचं नाव या सगळ्यात कुठं बसतं हे तिच्या मनातच आलं नव्हतं. "सुचलंच नाही, आप्पा," ती म्हणाली.

आप्पांनी खुर्ची पुढं ओढली. "हे बघ सुने. माझ्या हातनं जे झालं त्याला तोड न्हाई. तू मला शिव्या दे. तोंड बघू नको माझं. जल्मभर दे शिव्या, मी ऐकून घेतो. पण त्यासाठनं तू असायला पायजेस. लिव तुझं नाव."

तिनं लिहिलं. सुनेत्रा अजित खोत. सुरुवातीचं वय पंचवीस, आताचं छत्तीस. हयात. यंत्रानं तपासणीची जवळची तारीख विचारली आणि स्वतःच सुचवली, उद्या सकाळी दहा, जिल्हा केंद्र, उपाशीपोटी यावे. तिनं होकारावर बोट टेकवलं. आणि उद्या दहा वाजता काय निघेल हा प्रश्न, जो तिनं शेकडो माणसांना पडलेला बघितला होता, तो तिला पडला. हाताचे तळवे गार पडले. मला काही झालं असेल तर? मला मरायचं नाही. हे वाक्य तिनं स्वतःच्या मनात ऐकलं आणि तिला हुंदका फुटला.

टॅबलेट मातीत ठेवून तिनं आप्पांचा तो मातीचा हात दोन्ही हातांनी धरला.

"आप्पा, मला भीती वाटायला लागलीय."

"मला बी," आप्पा म्हणाले. "जाऊ दोघंबी उद्या."